बॉब ट्विग्ज आणि दहा सेंटिमीटरचा उपग्रह: यानांवर संशोधन करणारा प्राध्यापक नेमकं काय करतो?

निळीशाई

नमस्कार. साताऱ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. परवा तास संपल्यावर बारावीतली एक मुलगी मागे रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, मला एरोस्पेसची प्रोफेसर व्हायचंय, यानांवर संशोधन करायचंय. पण प्रोफेसर दिवसभर नेमकं करतात काय?" इस्रोतल्या शास्त्रज्ञांबद्दल मुलांना थोडंफार माहीत असतं. रॉकेट उडाल्यावर टाळ्या वाजवणारी माणसं त्यांनी टीव्हीवर पाहिलेली असतात. विद्यापीठात बसून यान घडवणारा मास्तर मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो. मलाही तिला धड सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं.

मग एकाच माणसाची कारकीर्द नीट वाचून काढायची असं ठरवलं आणि अमेरिकेतले प्राध्यापक बॉब ट्विग्ज निवडले. जे समजलं ते मांडते. या क्षेत्रातल्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सांगावं.

ट्विग्ज यांची मूळ विद्या इलेक्ट्रिकलची. आयडाहो विद्यापीठातून पदवी, स्टॅनफर्डमधून मास्टर्स. १९८० च्या दशकात ते युटामधल्या वेबर स्टेट या फारशा नावाजलेल्या नसलेल्या कॉलेजात होते. तिथला न्यूसॅट नावाचा छोटा उपग्रह १९८५ मध्ये चॅलेंजर शटलमधून सोडला गेला. हवाई वाहतुकीच्या रडारची तपासणी करायला मदत करणं हे त्याचं काम. पुढे १९९० मध्ये वेबरसॅट एरियान रॉकेटवरून गेला, त्यात कॅमेरा होता. १९९४ मध्ये ट्विग्ज स्टॅनफर्डच्या एरोनॉटिक्स अँड अॅस्ट्रोनॉटिक्स विभागात आले आणि तिथे त्यांनी उपग्रह बनवण्याची प्रयोगशाळा उभी केली.

माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. त्या प्रयोगशाळेचा पहिला उपग्रह सफायर. विद्यार्थ्यांनी मनापासून बनवला, पण कामाला १९९४ मध्ये हात घातला आणि उड्डाण झालं सप्टेंबर २००१ मध्ये. मास्टर्सची मुलं दीड-दोन वर्षांत पास होऊन निघून जातात. ज्यानं पहिली सर्किट काढली तो उड्डाणाच्या दिवशी कुठल्या तरी कंपनीत नोकरीला. शिक्षक म्हणून मला हे फार जवळचं वाटलं. पेरणी एकानं करायची, कापणी तिसऱ्यानं, आणि मधल्याला पीक दिसतच नाही.

दुसरा उपग्रह ओपल, तो सफायरच्याही आधी, जानेवारी २००० मध्ये उडाला. त्याच्या पोटात सहा पिटुकले उपग्रह होते आणि कक्षेत गेल्यावर ते बाहेर सोडायचे होते. त्यातले काही सांता क्लारा विद्यापीठातल्या मुलींच्या चमूनं बनवलेले. (हे मी वर्गात मुद्दाम सांगितलं.) ओपलचं काम चालू असतानाच ट्विग्ज यांच्या मनात आलं की एवढासा उपग्रह स्वतःच पुरेसा का होऊ नये? मात्र ओपलमधले उपग्रह पत्त्यांच्या जोडासारखे चपटे होते, सौरघट लावायला जागा अपुरी. योग्य आकार शोधता शोधता एका दुकानात त्यांना बीनी बेबी नावाची कापडी खेळणी ठेवायचा प्लास्टिकचा पारदर्शक डबा दिसला, साधारण चार इंचांचा घन. त्याच्या बाजूंवर सौरघट बसतील, आत सर्किटच्या पाट्या बसतील. १९९९ मध्ये कॅल पॉली या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे प्राध्यापक जोर्दी पुइग-सुआरी यांच्यासोबत त्यांनी त्याचा नियम केला: दहा सेंटिमीटरचा घन, वजन एक किलोपर्यंत. हाच क्यूबसॅट.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते असं. या माणसानं आधी वेळ ठरवली, की मुलाच्या पदवीच्या मुदतीत उपग्रह सुरू होऊन संपला पाहिजे. आकार त्या मुदतीतून आला. पुढे त्यावर जगभर एक उद्योग उभा राहिला, पण मुळात तो अभ्यासक्रमाचा प्रश्न होता.

---

सोल्डरगन

निळीशाईताई, फार छान मांडलंत. मी पदवीच्या वेळी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात विद्यार्थी उपग्रहाच्या चमूत पॉवर बोर्डवर होतो. आता बंगळुरूत याच क्षेत्रात नोकरी करतो.

तुमच्या विद्यार्थिनीला क्यूबसॅट आतून कसा असतो ते सांगा, तिला आवडेल. एका युनिटची, म्हणजे एका घनाची, उंची बरोबर दहा सेंटिमीटर नसते, पट्ट्या धरून ११.३५ सेंटिमीटर भरते. चार कडांना अॅल्युमिनियमच्या गुळगुळीत पट्ट्या, त्यांना आम्ही रेल म्हणतो. या रेलवरून तो रॉकेटवरच्या पेटीतून घसरत बाहेर पडतो. ड्रॉवर कसा सुटतो, तसा. एका टोकाला छोटं बटण असतं. पेटीत असेपर्यंत ते दाबलेलं, म्हणजे सगळी वीज बंद. बाहेर पडताच बटण सुटतं आणि घड्याळ सुरू होतं. अँटेना लगेच उघडायची परवानगी नाही, निदान अर्धा तास थांबायचं, म्हणजे शेजारच्या उपग्रहांत ती अडकत नाही.

अँटेना कशाची असते माहितीये? कित्येक क्यूबसॅटांवर सुताराच्या मोजपट्टीची, ती पिवळी स्टीलची पट्टी. गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायची, दोऱ्यावर नायक्रोमची तार. वेळ झाली की तार तापते, दोरा वितळतो, पट्टी ताडकन सरळ होते. आम्ही हे थर्मोव्हॅक चेंबरमध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या चाचणीच्या पेटीत, उणे तापमानाला करून पाहिलं होतं. पहिल्यांदा दोरा जळला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि आम्ही सातही जण काचेला नाक लावून उभे होतो.

विजेचं सांगायचं तर एका युनिटला सरासरी दोन वॅटच्या आसपास मिळतात. घरातल्या शून्याच्या बल्बलासुद्धा याहून जास्त लागते. तेवढ्यात संगणक, रेडिओ आणि प्रयोगाचं उपकरण, तिघांनी भागवायचं. शिवाय साधारण दीड तासाच्या फेरीत अर्धा तास पृथ्वीच्या सावलीत, तेव्हा सगळा भार बॅटरीवर. अख्खं इंजिनिअरिंग त्या दोन वॅटच्या वाटणीत शिकायला मिळतं.

---

पेंडुलम

लेख आवडला, पण श्रेयाचं माप थोडं हलवायला हवं असं मला वाटतं.

घन ठरवणं सोपं होतं. अवघड होतं ते रॉकेटवाल्याला पटवणं. ज्याचा शेकडो कोटींचा मुख्य उपग्रह वर बसलाय, तो विद्यार्थ्यांनी सोल्डर केलेली वस्तू शेजारी का बसू देईल? बॅटरी फुगली, पट्टी अवेळी सुटली, तर? पुइग-सुआरी आणि कॅल पॉलीच्या विद्यार्थ्यांनी याचं उत्तर दिलं ते पीपॉड या पेटीनं. अॅल्युमिनियमची बंद पेटी, आत तीन घन एकामागे एक, तळाशी स्प्रिंग, तोंडाला दार. आत काही बिघडलं तरी पेटीबाहेर येणार नाही. रॉकेटवाल्याला फक्त पेटी तपासायची, आतला प्रत्येक उपग्रह नव्यानं समजून घ्यायची गरज नाही. रेल्वेला मालाच्या कंटेनरचं जे सुख, तेच हे.

दोन प्राध्यापकांची ही जोडी आहे. एकानं मुलांची अडचण ओळखली, दुसऱ्यानं रॉकेटवाल्याची. एकट्या ट्विग्ज यांच्या नावावर ही गोष्ट सांगितली तर त्या मुलीला अर्धीच कारकीर्द कळेल.

---

निळीशाई

पेंडुलम, पटलं. पीपॉड मी फक्त "सोडण्याची यंत्रणा" म्हणून वाचून पुढे गेले होते. उद्या वर्गात चपलेच्या खोक्याचं मॉडेल करून दाखवते.

सोल्डरगन, मोजपट्टीचं ऐकून मुली स्टाफरूममध्ये मोजपट्टी मागायला आल्या!

---

लाटवाचक

मी हॅम रेडिओवाला, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणारा, मुक्काम कुडाळ. या धाग्यावर माझ्या बाजूचंही थोडं लिहितो, कारण क्यूबसॅट बनवतात विद्यार्थी, पण ऐकतात आमच्यासारखे जगभर विखुरलेले लोक. बऱ्याच विद्यार्थी उपग्रहांना १४५ किंवा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झचे हौशी रेडिओसाठी राखलेले पट्टे मिळतात. विद्यापीठाचं केंद्र आपल्या डोक्यावरून उपग्रह जाईल तेव्हाच, दिवसातून मोजकी मिनिटं ऐकू शकतं. बाकी वेळ कोणी ऐकलं तर ते हॅमवालेच.

पहिली क्यूबसॅटांची तुकडी ३० जून २००३ ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून रॉकोट रॉकेटवर गेली. जपानचे दोन, डेन्मार्कचे दोन, कॅनडाचा एक आणि स्टॅनफर्डच्या मंडळींचा तीन युनिटचा क्वेकसॅट, जो भूकंपाशी संबंध असू शकेल असे चुंबकीय संकेत शोधत होता. कॅनडाचा आणि डेन्मार्कचा एक असे दोन कधीच बोलले नाहीत. पण टोकियो विद्यापीठाचा एक्सआय-फोर, वीस वर्षांनंतरही त्याचा मोर्स ऐकू येत होता! प्राध्यापक शिनिची नाकासुका यांच्या विद्यार्थ्यांनी केलेला एक किलोचा घन.

निळीशाईताई, नाकासुका यांचा धागा ट्विग्जशी जुळतो. १९९८ मध्ये हवाईतल्या एका बैठकीत ट्विग्ज यांनी सुचवलं होतं की शीतपेयाच्या ३५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये मावेल असा "उपग्रह" करा. पुढच्याच वर्षी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात हौशी रॉकेटवाल्यांनी ते कॅन साधारण चार किलोमीटर उंच नेऊन पॅराशूटनं सोडले. कक्षेत काहीच गेलं नाही, तरी मुलांनी रेडिओ, संवेदक, बॅटरी, सगळं हाताळलं. जपानी विद्यार्थी नंतरही अनेक वर्षं तिथे जात राहिले. एक्सआय-फोरच्या मागे ती कॅनवरची तालीम आहे.

ऐकण्याचा अनुभव शब्दांत सांगणं कठीण. हातात यागी अँटेना घेऊन गच्चीवर उभं राहायचं. क्षितिजावरून येताना संकेत मूळ कंप्रतेच्या साधारण दहा किलोहर्ट्झ वर असतो, डोक्यावरून जाताना भराभर उतरतो, मावळताना तितकाच खाली. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं चाललेली वस्तू, तिचा डॉप्लर, म्हणजे वेगामुळे कंप्रतेत पडणारा फरक, आपल्याच हातातल्या बटणावर मोजायचा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं तेच सूत्र.

---

वाटसरू_कल्याण

एक प्रामाणिक शंका. पदवीच्या मुदतीत उपग्रह, हा विचार ऐकायला सुंदर आहे. पण आपल्याकडे काय झालं? पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्वयम् उपग्रह २००८ मध्ये सुरू झाला आणि २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. आयआयटी मुंबईचा प्रथम २००७ च्या सुमारास सुरू झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ ला सी३५ वरून गेला. आठ-नऊ वर्षं! म्हणजे मुलांच्या दोन पिढ्या. मग ट्विग्ज यांचं गणित आपल्याला लागू पडलं का?

---

सोल्डरगन

कल्याणकर, शंका रास्त आहे. आधी दोघांत फरक करू. प्रथम हा क्यूबसॅट नव्हता, दहा किलोचा होता आणि वरच्या वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मोजण्याचं खरं वैज्ञानिक काम त्याला दिलं होतं. स्वयम् एक किलोचा, एका युनिटचा. त्यात मोटर नाही, जेट नाही. कायमचे चुंबक आणि डोलणं शमवणाऱ्या हिस्टेरिसिसच्या सळ्या लावून तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत आपोआप स्थिर व्हावा अशी योजना. एवढी साधी, म्हणूनच देखणी. पदवीच्या मुलांनी हे केलं याचा मला आजही अभिमान वाटतो, जरी मी त्या कॉलेजचा नाही.

उशिराचं म्हणाल तर मी माझ्या चमूचं सांगतो, कॉलेजचं नाव नको. आमचा उपग्रह उडालाच नाही. तंत्र आम्हाला येत होतं, पण हस्तांतर जमलं नाही. आमच्या आधीच्या बॅचनं बोर्डवरचा एक कॅपॅसिटर बदलला होता. का बदलला ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या बोर्डवर आम्ही मूळ आराखड्याप्रमाणे जुन्या किमतीचा लावला आणि संगणक चालूच होईना. कारण सापडायला सहा आठवडे गेले. अंतिम वर्षाच्या परीक्षा, मग नोकरीच्या मुलाखती. खाली पोरं होती, पण आम्हीही त्यांना नीट लिहून दिलं नाही, ही चूक आमची. मार्गदर्शक सरांना प्रत्येक सत्रात चार विषय शिकवायचे होते, ते तरी किती पाहणार.

म्हणून त्या मुलीला सांगा, प्राध्यापक काय करतो याचं एक उत्तर असं, की तो चमूची आठवण सांभाळतो. मुलं येतात-जातात. कुठला निर्णय का घेतला हे ज्याच्या डोक्यात आणि वहीत टिकतं तो एकटाच तिथे राहतो. ट्विग्ज आकाराला लहान करत गेले त्याचं कारण मला त्या सहा आठवड्यांनंतर कळलं. काम जितकं छोटं, तितकी कमी हस्तांतरं.

---

पेंडुलम

सोल्डरगन, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याच मुद्द्यावर ट्विग्ज यांच्या एका विद्यार्थ्याची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. मायकेल स्वॉर्टवाउट हे सफायरचे प्रकल्पप्रमुख होते, पुढे सेंट लुईस विद्यापीठात प्राध्यापक झाले. जगात उडालेल्या क्यूबसॅटांची नोंद त्यांनी वर्षानुवर्षं ठेवली: कुणाचा चालला, कुणाचा मुका राहिला, कुठे बिघडला. विद्यापीठांचे पहिलेवहिले उपग्रह फार मोठ्या प्रमाणात निकामी होतात आणि त्यातले कितीतरी कक्षेत गेल्यावर एकदाही बोलत नाहीत, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. सगळा उपग्रह जोडून झाल्यावर पुरेसा वेळ चाचणीच न घेणं, हे त्यांना वारंवार आढळलेलं कारण.

गुरूनं दार उघडलं, शिष्यानं आत येणाऱ्यांची पडझड मोजली. दोन्ही संशोधनच.

---

अवकाशमाळी

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. हे सगळे घन वर गेले, पण खाली कधी येणार? पाचशे किलोमीटरवर सोडलेला क्यूबसॅट हवेच्या घर्षणानं काही वर्षांत जळून जातो. आठशेवर सोडला तर पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. लाटवाचक ज्याचं कौतुक करतायत तो एक्सआय-फोर आठशेच्या वरच आहे. त्यात इंजिन नाही, आदळायची वेळ आली तर बाजूला सरकता येणार नाही.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं २०२२ मध्ये काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली आणायचा नियम केला, आधी पंचवीस वर्षांचा संकेत होता. ट्विग्ज पुढे केंटकीतल्या मोरहेड स्टेटला गेले आणि तिथे त्यांनी पाच सेंटिमीटरचा पॉकेटक्यूब सुचवला. मला तिथे काळजी वाटते. जितकी वस्तू लहान, तितकी रडारला दिसायला अवघड. या मुलीच्या पिढीच्या प्राध्यापकांनी पहिला प्रश्न हाच घ्यावा असं मला वाटतं.

---

लाटवाचक

मुद्दा मान्य. माझं कौतुक उंचीचं नव्हतं, पण तुमचं खरं आहे. मोरहेडबद्दल एक जोड देतो: तिथे २१ मीटरची तबकडी आहे आणि ती नासाच्या खोल अंतराळाशी संपर्क ठेवणाऱ्या अँटेनांच्या जाळ्यात जोडली गेली. छोट्या गावातलं विद्यापीठ चंद्रापलीकडच्या क्यूबसॅटांशी बोलू शकतं.

---

दूरदेशी_पाटीलवाडी

मी अमेरिकेत एरोस्पेसमध्ये पीएचडी करते आहे, गाव वाळवा तालुक्यातलं. मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देते.

माझे मार्गदर्शक दिवसभर काय करतात? सकाळी निधीसाठी प्रस्ताव. यातच त्यांचा सर्वात जास्त वेळ जातो, आणि दहा लिहिले की एखाददुसरा लागतो. दुपारी शिकवणं, मग आमच्यासोबत आढावा. प्रयोगशाळेत स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन ते क्वचित दिसतात, पण कुठला स्क्रू किती आवळायचा यावर त्यांनी एकदा तासभर वाद घातला होता आणि ते बरोबर होते.

एक गोष्ट तिला आधीच सांगा. अमेरिकेत अवकाश तंत्रज्ञानावर निर्यातबंदीचे कडक नियम आहेत. परदेशी विद्यार्थ्यांना काही प्रकल्पांच्या खोलीतही जाता येत नाही, आणि नासाच्या किंवा संरक्षणाच्या कामाच्या बऱ्याच नोकऱ्या नागरिकांनाच मिळतात. इथे येऊन हे कळलं की फार त्रास होतो. मला झाला. त्यामुळे मी विषय निवडतानाच तो मोकळा आहे ना हे पाहिलं.

भारतातली वाट वेगळी. पवईच्या आयआयटीचा एरोस्पेस विभाग, बंगळुरूची आयआयएस्सी, मद्रास, कानपूर, खरगपूरच्या आयआयटी, आणि २००७ पासून तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विषयाची संस्था. बीटेकनंतर गेट या प्रवेशपरीक्षेला एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर असतो, पण ट्विग्जसारखं इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल करूनही इकडे येता येतं. प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच. इस्रो रिस्पॉन्ड योजनेतून विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देते, काही संस्थांत इस्रोचे अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहेत, पुणे विद्यापीठातही आहे. आणि आता एक फार चांगली सोय झाली आहे: पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर फेकून न देता कक्षेत प्रयोगांसाठी वापरतात, पोएम म्हणतात त्याला, जून २०२२ पासून. म्हणजे पूर्ण उपग्रह न बनवता नुसतं उपकरण पाठवता येतं. वाटसरूंच्या आठ वर्षांवर हे एक उत्तर होऊ शकेल.

आणि क्यूबसॅटला कुणी खेळणं म्हणालं तर २०१८ चं मार्को सांगा. सुटकेसएवढे दोन क्यूबसॅट नासाच्या इनसाइट या यानासोबत मंगळापर्यंत गेले आणि २६ नोव्हेंबरला ती उतरत असताना तिचे संकेत पृथ्वीकडे पोहोचवत राहिले. किंवा १५ फेब्रुवारी २०१७ चा पीएसएलव्ही-सी३७ सांगा. १०४ उपग्रह, त्यातले ८८ एकाच कंपनीचे तीन युनिटचे घन. श्रीहरिकोट्याहून, आपल्या रॉकेटवर.

---

निळीशाई

काल हा सगळा धागा छापून त्या मुलीला दिला. आज ती परत आली, पानांवर पेन्सिलीच्या खुणा. अवकाशमाळींच्या प्रतिसादाखाली दोन रेघा आणि बाजूला प्रश्न: "पाच सेंटिमीटरच्या घनाला शीड लावलं तर तो किती लवकर पडेल?" मला उत्तर येत नाही, आम्ही दोघी मिळून घर्षणाचं गणित मांडायला बसलो आहोत. क्षेत्रफळ आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर लागतं एवढं कळलं, पण त्या उंचीवरची हवेची घनता सूर्याच्या कमीजास्त होण्यानं बदलते तिथे अडलो. दूरदेशी, हवेच्या घनतेचं कुठलं प्रारूप (मॉडेल) वापरावं?

शिवाय तिनं आणि चार मैत्रिणींनी कॅनचा उपग्रह करायचं ठरवलंय. रॉकेट नाही, म्हणून आमच्या इमारतीच्या गच्चीवरून. पॅराशूटला जुन्या छत्रीचं कापड चालेल का?

---

सोल्डरगन

छत्रीचं कापड चालेल, पण मधोमध भोक ठेवा, नाहीतर हेलकावे खात येईल. आणि पहिल्या दिवसापासून एक वही घाला. काय बदललं, का बदललं, तारीख, सही. बोर्डचे फोटो मला पाठवा.

---

दूरदेशी_पाटीलवाडी

ताई, सुरुवातीला घनता स्थिर धरून गणित करा. मग तीच दहापट कमी आणि दहापट जास्त धरून पुन्हा करा, सूर्याचा परिणाम किती मोठा ते तिला स्वतःलाच दिसेल. प्रारूपाचं नंतर पाहू. शनिवारी रात्री तुमच्या वेळेनं नऊला व्हिडिओवर बसते.

---

लाटवाचक

मी पुढच्या महिन्यात पुण्याला जाताना साताऱ्यात थांबतोय. यागी घेऊन येतो. अजिंक्यताऱ्यावर चढायची मुलींची तयारी असेल तर पहाटे डोक्यावरून उंच जाणारा एखादा उपग्रह बघून ठेवतो. आणि बारा वर्षांपुढच्या कुणालाही हॅमची परीक्षा देता येते, अर्जाचं मी समजावून सांगेन. वह्या आणि हेडफोन तेवढे त्यांनी आणावेत.